विद्या वाटणाऱ्या डॉक्टरबाई

रुग्णालयाचे मोठेपण आपण बहुधा त्याच्या इमारतीवरून, खाटांच्या संख्येवरून आणि आत बसवलेल्या यंत्रांवरून ठरवतो. ते चालवणाऱ्याचे कर्तृत्वही याच मापाने मोजले जाते. मात्र त्याने आपल्या हाताखालच्या किती माणसांना स्वतःच्या पायावर उभे केले आणि किती जणांना निर्णय घेण्याचे बळ दिले, हा हिशेब क्वचितच मांडला जातो. तो मांडायचा झाल्यास नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, दक्षिण टोकाला असलेल्या जामखेडकडे वळावे लागते. डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे जे उभे केले, त्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेपासून युनिसेफपर्यंत सर्वांनी घेतली. तरीही त्यांचे खरे भांडवल इमारतीत नव्हते. ते खेड्यापाड्यातल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायकांमध्ये होते.

मेबल इमॅन्युएल यांचा जन्म १९३५ मधला. वडील जबलपूरच्या एका धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. घरात पुस्तके होती, शिस्त होती आणि मुलीने शिकावे अशी इच्छाही होती. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात गेल्या. डॉ. आयडा स्कडर यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत गरिबांच्या सेवेचा संस्कार अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा मानला जात असे. तेथेच त्यांची गाठ रजनीकांत आरोळे या नगर जिल्ह्यातल्या राहुरीकडच्या विद्यार्थ्याशी पडली. शहरात व्यवसाय थाटून सुखाने राहण्याचा मार्ग दोघांनाही मोकळा होता. परंतु १९६० मध्ये विवाहबद्ध होताना त्यांनी आपले आयुष्य खेड्यातल्या उपेक्षितांसाठी वेचण्याचा निश्चय केला आणि तो अखेरपर्यंत पाळला.

या निश्चयाची पहिली परीक्षा नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात झाली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात दोघांनी तेथे अपार कष्ट केले. बाह्यरुग्ण विभाग गजबजला, शस्त्रक्रिया वाढल्या, दवाखान्याचा लौकिक पसरला. तथापि एक गोष्ट दोघांच्याही मनाला डाचत राहिली. बरे करून घरी पाठवलेले मूल काही आठवड्यांनी पुन्हा हगवण घेऊन येई, कारण घरी तेच दूषित पाणी त्याची वाट पाहत असे. टाळता येण्याजोग्या आजारांनीच बहुतेक खाटा भरलेल्या असत. शिवाय जे दवाखान्यापर्यंत पोचूच शकत नव्हते, त्यांची गणती कोणी ठेवीत नव्हते. रुग्णालय कितीही चांगले चालवले तरी गावाचे आरोग्य सुधारत नाही, हा वडाळ्याने शिकवलेला कडू धडा होता.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी हे दांपत्य अमेरिकेला गेले. क्लीव्हलंड येथे रुग्णालयीन प्रशिक्षण घेतल्यावर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. डॉ. कार्ल टेलर हे तेथील त्यांचे गुरू. भारतात जन्मलेल्या आणि पंजाबातील नारंगवाल येथे ग्रामीण आरोग्याचे प्रयोग केलेल्या टेलर यांना येथल्या खेड्यांची चांगली जाण होती. अमेरिकेत राहण्याची संधी डावलून १९७० मध्ये आरोळे दांपत्य परतले. त्यांनी निवडलेले जामखेड बीड, धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सीमांना टेकलेले, पाऊस हुलकावणी देणारे आणि हाताला काम नसल्याने माणसे बाहेर धाडणारे. गुरांच्या एका जुन्या दवाखान्यात रुग्णसेवेला आरंभ झाला आणि सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाची मुहूर्तमेढ रोवली गेली.

आरंभीच त्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. परिसरातल्या निरनिराळ्या जातींच्या, पक्षांच्या आणि गावांच्या पुढाऱ्यांना एकत्र आणून त्यांची सल्लागार समिती नेमली. डॉक्टरांनी योजना आखायची आणि गावाने ती निमूटपणे स्वीकारायची, ही रीत मोडायची होती. लोकांशी बोलताना कळले, की आरोग्य ही त्यांची पहिली गरज नव्हतीच. त्यांना आधी पाणी आणि अन्न हवे होते. लवकरच १९७२ चा भीषण दुष्काळ आला आणि हे शब्दशः खरे ठरले. मुलांसाठी अन्नकेंद्रे चालवणे आणि विंधनविहिरी खोदणे ही मग डॉक्टरांचीच कामे झाली. विहिरींच्या जागा दलित वस्तीत निवडण्याकडे आरोळे यांचा कटाक्ष असे. सवर्णांच्या पाणवठ्यावर ज्यांना हात लावण्याची मुभा नव्हती, त्यांच्या दारी आता साऱ्या गावाला घागर घेऊन यावे लागले. शिवाशिवीवर व्याख्यान न देता तिच्या मुळाशी घाव घालण्याची ही पद्धत होती.

मेबल यांच्या कार्याचा गाभा मात्र यापुढचा आहे. सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यात पाठवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला. शहरात शिकलेल्या मुली गावात रुळेनात आणि गावच्या बायका त्यांच्यापाशी मन मोकळे करीनात. तेव्हा बाहेरून माणूस आणण्याऐवजी गावातलीच बाई निवडावी, असा विचार पुढे आला. निवड गावानेच करायची. ती शिकलेली नसली तरी चालेल. लोकांचा तिच्यावर विश्वास मात्र हवा. निवडल्या गेलेल्यांत विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या, शेतमजुरी करणाऱ्या होत्या, दलित होत्या आणि मराठाही होत्या. ज्यांना घरात मत विचारले जात नव्हते, त्यांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवायचे, ही कल्पना त्या काळी अनेकांना वेडगळ वाटली असल्यास नवल नाही.

या बायकांना घडवण्याचे काम मेबल यांनी आपल्या शिरावर घेतले. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती; तरी त्या या बायकांच्या बोलीत शिरल्या. आठवड्यातून एकदा बायका जामखेडला मुक्कामी येत. गर्भवतीची तपासणी, सुरक्षित बाळंतपण, नाळ कापण्याची स्वच्छ रीत, धनुर्वाताची लस, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी देणे, कुष्ठरोग आणि क्षयाची लक्षणे ओळखणे, हे सारे त्या ऐकून, पाहून आणि हाताने करून शिकत. मात्र शिकवणीचा तेवढाच भाग नव्हता. वेगवेगळ्या जातींच्या बायकांनी एकत्र स्वयंपाक करावा, एका पंगतीला जेवावे, एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपावे, असा प्रघात पाडण्यात आला. आधी कुरकुर झाली, पण हळूहळू ती मावळली. दुसऱ्या जातीच्या घरात पाऊल टाकण्याचे धैर्य नसेल, तर त्या घरातले मूल वाचवता येणार नाही, एवढे साधे गणित त्यामागे होते.

मेबल यांची शिकवण्याची धाटणी वरून हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याची नव्हती. बाईने आपल्या गावात काय पाहिले, काय जमले, कोठे अडले, हे तिनेच सर्वांसमोर मांडायचे. तिच्या चुकीतून बाकीच्या शिकत आणि तिच्या यशाने त्यांना हुरूप येई. अनुभवी बाईने नव्या बाईला तयार करायचे, ही साखळीही त्यातूनच जुळत गेली. गावोगावी महिला मंडळे आणि तरुण शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. बचत, छोटे व्यवसाय, झाडे लावणे, मुलींचे शिक्षण, बालविवाहाला विरोध अशा वाटांनी आरोग्याचे काम पसरत गेले. डॉ. रजनीकांत यांची शल्यकुशलता आणि लोकसंग्रह या कामाच्या पाठीशी होता. दोघांच्या वाट्याची काटेकोर विभागणी करणे अवघड आहे आणि अनावश्यकही.

परिणाम आकड्यांत उतरले. १९७१ च्या सुमारास प्रकल्पाच्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत. पुढल्या पाच-सहा वर्षांतच हे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि शतकाच्या अखेरीस तिसाच्या आत पोचले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चाललेल्या प्रयोगांवर ग्रंथ काढला, तेव्हा त्यात जामखेडवरील प्रकरण आरोळे दांपत्याने लिहिले. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, अल्मा-आटा येथील परिषदेने सर्वांसाठी आरोग्याचा जाहीरनामा संमत केला. त्यामागे ज्या मोजक्या प्रयोगांचा अनुभव होता, त्यांत जामखेड होते. १९७९ मध्ये दोघांना मिळालेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार सामाजिक नेतृत्वासाठीचा होता, हेही लक्षणीय आहे.

मेबल यांच्या कार्याला खरी पावती मिळाली ती १९८८ मध्ये. वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत जामखेडच्या ग्राम आरोग्य कार्यकर्त्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. डॉक्टर म्हणजे झगमगते झुंबर, तर आपण पणती; पण एक पणती दुसरीला उजळू शकते, अशा आशयाची मांडणी त्यांनी जगभरच्या तज्ज्ञांपुढे केली. त्या क्षणी व्यासपीठावर मेबल आरोळे नव्हत्या, तर त्यांनी घडवलेली बाई होती. शिष्याला पुढे करून स्वतः मागे राहणे ही फार थोड्या गुरूंना साधणारी गोष्ट आहे.

पुढे १९९० च्या दशकात मेबल यांनी दक्षिण आशियासाठी युनिसेफच्या सल्लागार म्हणून काम पाहिले. स्त्रिया व बालकांचे हक्क आणि या प्रदेशातील विविध धर्म यांच्या नात्यावर त्यांनी लेखन केले. १९९४ मध्ये दोघांचा जामखेडच्या अनुभवांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. जामखेडला प्रशिक्षणसंस्था उभी राहिली आणि देशोदेशीचे डॉक्टर, परिचारिका, अधिकारी तेथे शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवणाऱ्यांत या ग्रामीण बायकाही होत्या. वयाची पासष्टी गाठण्याआधीच, १९९९ मध्ये, मेबल यांचे निधन झाले. डॉ. रजनीकांत यांनी २०११ मध्ये जगाचा निरोप घेतला. संस्थेचे काम पुढच्या पिढीने चालू ठेवले.

एक प्रश्न मात्र उरतो आणि तो मेबल यांच्या चाहत्यांनीही टाळू नये. २००५ मध्ये केंद्र सरकारने ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या. ही कल्पना ज्या प्रयोगांतून स्फुरली, त्यांत जामखेडचे नाव अग्रभागी घेतले जाते. जामखेडच्या बायका पगारी नोकर नव्हत्या. त्यांच्या चरितार्थासाठी कर्जे आणि पूरक व्यवसायांची जोड दिली जात असे. सरकारी योजनेने स्वयंसेवेची बाजू तेवढी उचलली. दर आठवड्याचे शिक्षण, पाठीशी उभे राहणारे डॉक्टर आणि गावाने केलेली खरीखुरी निवड या गोष्टी तितक्या आस्थेने उचलल्या नाहीत. परिणामी आशांना मोबदल्यासाठी मुंबईत आझाद मैदान गाठावे लागले. सेवाभावाचे कौतुक करून श्रमाचे मोल टाळण्याची मुभा कोणताही आदर्श प्रयोग देत नाही.

जामखेडची नक्कल अवघड ठरली ती पैशाअभावी नव्हे. डॉक्टरला आपल्या ज्ञानाची मक्तेदारी सोडणे जड जाते आणि संस्थाचालकाला आपला अधिकार. मेबल आरोळे यांनी या दोन्ही गोष्टी राजीखुशीने सोडल्या, आणि एकदा नव्हे तर दर आठवड्याला, सलग अनेक वर्षे. याच तालुक्यातल्या चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव २०२४ मध्ये जिल्ह्याला मिळाले. राज्यकर्त्या स्त्रीच्या या भूमीत, विसाव्या शतकात, सत्तेचा दुसरा अर्थ एका डॉक्टरबाईने शिकवला. तो अर्थ समजलेल्या बायका आजही सकाळी घरची कामे उरकून वस्तीवरच्या बाळंतिणीची विचारपूस करायला निघतात.