अरण्याचा रखवालदार

हिमालयाच्या कुशीत कुमाऊँ नावाचा डोंगराळ मुलूख आहे. आज तो उत्तराखंड राज्यात मोडतो. तेथील नैनीताल या गावी २५ जुलै १८७५ रोजी जिम कॉर्बेट यांचा जन्म झाला. त्यांचे वडील नैनीतालला पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच पितृछत्र हरपले. कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची, तेव्हा आईने मोठ्या काटकसरीने संसार चालविला. उन्हाळ्यात ही मंडळी नैनीतालला राहत आणि हिवाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कालाढुंगी या गावी उतरत. तेथे घराच्या कुंपणापलीकडेच अरण्य सुरू होई. वाळूत उमटलेली पावले कोणाची, वानर कोणाला पाहून ओरडला, हरणे एकाएकी का थबकली, हे सारे तो मुलगा तेथेच शिकला.

त्याला मिळालेली पहिली बंदूक म्हणजे एक जुनी दुनळी ठासणीची बंदूक होती. तिची एक नळी फुटलेली होती आणि दस्ता निसटू नये म्हणून तो पितळी तारेने बांधलेला होता. एवढ्या धनावर जिम अरण्यात हिंडू लागला! दहाव्या वर्षी तो नैनीतालच्या बालसैनिकांच्या तुकडीत दाखल झाला. पुढे तेथील एका अधिकाऱ्याने त्याला सरकारी रायफल वापरावयास दिली, पण अट घातली की रायफल स्वच्छ ठेवावी आणि उडविलेल्या काडतुसांची रिकामी टरफले परत आणावी. शस्त्र घेऊन वनात जाणाऱ्याने प्रत्येक बाराचा हिशेब द्यावयाचा असतो, हा धडा त्याला याच वेळी मिळाला असावा.

मोठेपणी कॉर्बेट रेल्वेच्या चाकरीत शिरले. बिहारमध्ये गंगाकाठी मोकामेह घाट येथे माल उतरविण्याचे व चढविण्याचे काम त्यांनी पुष्कळ वर्षे केले. रजा मिळाली की त्यांची पावले कुमाऊँकडे वळत.

१९०७ साली चंपावत भागात एका नरभक्षक वाघिणीने हाहाकार उडविला होता. नेपाळात व कुमाऊँत मिळून तिने ४३६ माणसांचा बळी घेतला, अशी सरकारदप्तरी नोंद होती. दिवसासुद्धा लोक दारे लावून घरात बसत. तिला मारण्याची कामगिरी कॉर्बेट यांनी पत्करली, पण दोन अटींवर. वाघिणीसाठी लावलेले इनाम रद्द करावे आणि बाकीच्या शिकाऱ्यांना अरण्यातून परत बोलवावे. इनामासाठी शिकार करणारा म्हणून नाव घेतले जावे, हे त्यांना पसंत नव्हते. शिवाय झुडुपाआड हलणाऱ्या माणसावर कोणी घाबरट शिकारी केव्हा गोळी झाडील याचा नेम नसे.

हाकाऱ्यासाठी २९८ गावकरी जमले. विनापरवाना बंदुकांकडे आज कानाडोळा करू, असे तहसीलदारांनी आधीच कळविले होते. त्यामुळे कोनाकोपऱ्यांत दडवलेली नाना तऱ्हेची जुनी शस्त्रे त्या दिवशी बाहेर पडली. कॉर्बेट यांच्यापाशी मात्र काडतुसे होती अवघी तीन. ती संपली तरी जखमी वाघीण पडली नव्हती. तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक आणली. पाहतात तो ती इतकी खिळखिळी की नळी आणि चाप यांच्यामध्ये फट पडलेली! तोंडावर धरलेला नेम चुकून गोळी पंजाला लागली. सुदैवाने आधीच्या जखमांनी वाघीण अखेरच्या घटका मोजत होती.

बंदुका वाढल्या म्हणजे संकट टळते असे नाही, हे पुढे गढवालात दिसून आले. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात १२५ माणसे मारली. गढवालात चार हजार परवाने होतेच. सरकारने आणखी तीनशे दिले आणि रजेवर जाणाऱ्या शिपायांना बंदुका घरी नेण्याची मुभा दिली. तरी बिबट्या मोकळाच राहिला. अखेर १९२६ च्या मे महिन्यात कॉर्बेट यांनी त्याला टिपले. त्यासाठी त्यांना कित्येक रात्री अंधारात जागून काढाव्या लागल्या.

१९३० साली चौगडच्या वाघिणीच्या शोधात असता त्यांना एका रातव्याची दोन अंडी दिसली. पक्ष्यांची अंडी जमविण्याचा त्यांना छंद होता. ती डाव्या हातात जपून धरून ते नाल्यातून चालले होते. एका मोठ्या शिळेला वळसा घातला, तो मागे अवघ्या काही फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली! किंचित घाई होती तर तिने झडप घातली असती. त्यांनी एका हाताने रायफल अगदी सावकाश फिरविली आणि बार काढला. वाघीण जागच्या जागी कोसळली. अंडी सुखरूप होती. त्यांनी ती पुन्हा जेथल्या तेथे नेऊन ठेवली.

तथापि कॉर्बेट यांनी केवळ नरभक्षकच मारले असे नव्हे. त्याच वर्षी पोवलगड येथील एक प्रचंड वाघ त्यांनी मारला. त्याने कोणाचेही वाकडे केले नव्हते. शिकारीचा मोह त्यांनाही होताच. परंतु वनातील वाघ झपाट्याने कमी होत आहेत, हे जसजसे ध्यानी येऊ लागले तसतशी त्यांची रायफल मागे पडली आणि चलच्चित्रांचा कॅमेरा हाती आला. कॅमेऱ्याच्या घरघरीने वाघ बिचकत. म्हणून त्यांनी ओढ्यात लहान लहान धबधबे तयार केले आणि पाण्याच्या खळखळाटात तो आवाज लपविला.

बंदुकीला जेथे मज्जाव असेल असे एखादे वन राखून ठेवावे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांच्या व काही वनाधिकाऱ्यांच्या खटपटीस यश येऊन १९३६ साली भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. माजी गव्हर्नरांच्या नावावरून त्याला हेली उद्यान म्हणत. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन राष्ट्रीय उद्यानात जाण्यास त्याने सर्व देशभर बंदी घातली. घरच्या बंदुकीचा परवाना तेथे चालत नाही.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आपली बहीण मॅगी हिच्यासह आफ्रिकेतील केनिया देशात राहावयास गेले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी या गावी त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर लवकरच भारत सरकारच्या त्या पहिल्या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. १ एप्रिल १९७३ रोजी देशातील व्याघ्रप्रकल्पाचा आरंभ झाला, तो याच अरण्यात.