सर हम्फ्री डेव्ही : तांबं वाचलं, पण जहाज मंदावलं



मुलगा कॉम्प्युटर शाखेला गेलाय, मग पहिल्या वर्षाला केमिस्ट्री कशाला? हा प्रश्न पालक दरवर्षी विचारतात. त्या पुस्तकात गंजण्याचा धडा असतो आणि त्यात सॅक्रिफिशियल ॲनोड नावाचा एक प्रकार. मुलं व्याख्या पाठ करतात, दोन मार्क मिळवतात आणि विसरून जातात. ही कल्पना ज्याने पहिल्यांदा मोठ्या कामाला लावली, त्या माणसाची गोष्ट मात्र वर्गात क्वचितच सांगितली जाते. आज तीच वाचा.

हम्फ्री डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या पेन्झान्स या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. डेव्ही पंधरा-सोळा वर्षांचा असताना ते वारले. मग तो गावातल्या एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला. कॉलेजची पदवी त्याने कधीच घेतली नाही, रसायनशास्त्र पुस्तकं वाचून आणि औषधाच्या बाटल्या हाताळून शिकला. १८०१ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला. त्याची व्याख्यानं ऐकायला तिथे इतकी गर्दी व्हायची की बाहेर घोडागाड्यांची कोंडी होई. १८०७ मध्ये त्याने वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले. पुढच्याच वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम आणि स्ट्रॉन्शियम. आवर्तसारणीतला एवढा मोठा तुकडा एका माणसाच्या नावावर!

१८१५ मध्ये त्याने कोळशाच्या खाणीसाठी सुरक्षित दिवा केला. ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी उष्णता शोषून पसरवते, त्यामुळे बाहेरचा मिथेन पेट घेण्याइतका तापत नाही. त्याने या दिव्याचं पेटंट घेतलं नाही, हे मुलांना आवर्जून सांगा. पण दिवा आहे म्हटल्यावर मालकांनी धोकादायक म्हणून सोडलेले भागही पुन्हा खोदायला काढले, आणि अपघात काही थांबले नाहीत. प्रयोगशाळेबाहेर काय होतं, याची ही पहिली झलक.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. त्या काळी ब्रिटिश नौदलाची जहाजं लाकडी होती. समुद्रातली कीड लाकूड पोखरते म्हणून बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत. खाऱ्या पाण्यात ते झिजायचे आणि खर्च प्रचंड व्हायचा. तांबंच भेसळीचं असणार, अशी नौदलाला शंका होती. १८२३ मध्ये हे प्रकरण डेव्हीकडे आलं. तोवर तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला होता. त्याने दाखवलं की शुद्ध तांबंही झिजतं, कारण पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार मिळून ते खातात. उपाय त्याला विजेच्या अभ्यासातून सुचला. तांब्याला जस्त जोडलं तर इलेक्ट्रॉन जस्त देतं. झिजतं जस्त, तांबं तसंच राहतं. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा चाळीस-पन्नास चौरस इंच तांब्याला पुरतो, असं त्याच्या प्रयोगांत आढळलं. आज आपण फळ्यावर जस्ताचं उणे ०.७६ व्होल्ट आणि तांब्याचं अधिक ०.३४ व्होल्ट लिहून हेच समजावतो. त्याच्याकडे तो तक्ताही नव्हता!

१८२४ पासून जहाजांवर जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे बसले. तांब्याची झीज खरोखरच थांबली. पण जहाजं परत आली तेव्हा बुडाला शेवाळ आणि कठीण कवचाच्या बारीक जीवांचा जाड थर! कोकणात होडी किनाऱ्यावर ओढून तिचं बूड खरवडताना तुम्ही पाहिलं असेल, तर हा थर काय असतो ते कळेल. त्याने जहाज जड होतं, वेग मंदावतो.

असं का झालं? तांबं थोडं थोडं विरघळत होतं, ते विष होतं म्हणूनच जीव चिकटत नव्हते. झीज थांबली आणि विषही थांबलं. शिवाय सुरक्षित तांब्याजवळचं पाणी अल्कधर्मी होऊन त्यावर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बसले, कठीण पाण्याच्या धड्यात शिकवतो तसेच. जीवांना बसायला आयती जागा मिळाली. काही वर्षांतच नौदलाने ही योजना गुंडाळली आणि डेव्हीवर भरपूर टीका झाली.

ती त्याला फार लागली. माणूस मानी होता, थोडा हेकटही. ज्या मायकेल फॅरेडेला त्याने स्वतः कामावर घेतलं, त्याच फॅरेडेच्या रॉयल सोसायटीतल्या निवडीला त्याने विरोध केला होता. माझ्या मते हा त्याच्या चरित्रातला खरा डाग आहे, जहाजांचं प्रकरण नव्हे. त्याचं रसायनशास्त्र चुकलं नव्हतं. तांब्याची झीज हीच एक कामाची गोष्ट आहे, हे हिशेबात धरायचं राहिलं. तब्येत खालावत गेली आणि २९ मे १८२९ रोजी, पन्नासाव्या वर्षी, जिनिव्हात तो वारला.

आजच्या पोलादी जहाजांच्या बुडाला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात, ते गंजापासून वाचवायला. जीव चिकटू नयेत म्हणून वेगळा रंग देतात, आणि त्यातल्या बऱ्याच रंगांत हळूहळू विरघळणारं तांब्याचं संयुग असतं. घरच्या साठवणीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी असते, तीही याच कामाची. सर्व्हिसिंगला माणूस आला की ती बाहेर काढायला सांगा आणि मुलांना दाखवा, किती झिजलीय ते.