हातातला रेडिओ स्कॅनर शिकायचाय? आधी या आर्मस्ट्राँगना भेटा

आर्मस्ट्राँग म्हटलं की आपल्याला चंद्र आठवतो. पण रेडिओची आवड असणाऱ्यांसाठी खरे आर्मस्ट्राँग म्हणजे एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग. तुम्ही एफएमवर गाणी ऐकता ना? ते एफएम ज्यांनी चालवून दाखवलं, तेच हे.

आमच्या ओळखीचे एक काका परवानाधारक हॅम आहेत. त्यांच्याकडे हातात मावणारा स्कॅनर आहे आणि त्यांच्या शेजारी बसून मी तो चालवायला शिकतोय. स्कॅनर हा फक्त ऐकणारा रेडिओ. तो एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जातो आणि जिथे कोणी बोलतंय तिथे थांबतो. मॅन्युअलमध्ये कुठलं बटण काय करतं ते दिलं होतं. ते तसं का करतं, हे मात्र मला आर्मस्ट्राँग यांचं आयुष्य वाचताना कळलं. म्हणून आज बटणं आणि माणूस, दोन्ही एकत्र सांगतो.

उंच अँटेना लावणारा मुलगा

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी मोठं आजारपण आलं आणि दोन वर्षं शाळा सुटली. पुढे कुटुंब जवळच्या योंकर्स गावात राहायला गेलं. मार्कोनींबद्दल वाचून या मुलाला बिनतारी यंत्रांचं वेड लागलं होतं. त्याने घराच्या आवारात १२५ फूट उंच अँटेना उभी केली आणि स्वतः तिच्यावर चढून काम केलं.

कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१२ मध्ये, त्यांना पहिली मोठी कल्पना सुचली. रेडिओच्या व्हॅक्यूम ट्यूबमधून बाहेर पडलेला सिग्नल थोडा परत आत सोडायचा. तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा आत जातो. असं करत अगदी क्षीण सिग्नलसुद्धा स्पष्ट ऐकू येतो. १९१४ मध्ये पेटंट मिळालं. पण ती ट्यूब बनवणारे ली डी फॉरेस्ट यांनीही याच शोधावर हक्क सांगितला, आणि खटला वर्षानुवर्षं चालला.

स्कॅनर सरसर फिरतो कसा?

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये पॅरिसला होते. तेव्हाच्या ट्यूबना उच्च फ्रिक्वेन्सीचे क्षीण सिग्नल नीट मोठे करता येत नव्हते. १९१८ मध्ये त्यांनी यावर उपाय काढला. येणारा सिग्नल आहे तसा हाताळायचाच नाही. रिसीव्हरच्या आत एक लहर तयार करायची, ती त्यात मिसळायची आणि दोघांतल्या फरकाची नवी फ्रिक्वेन्सी मिळवायची. याला सुपरहेट्रोडाइन म्हणतात. फ्रान्सच्या ल्युसिअँ लेव्ही यांनीही तशाच पद्धतीवर दावा केला होता, त्यामुळे इथेही हक्काचा वाद झालाच.

एक उदाहरण घेऊ. स्टेशन ९८.३ मेगाहर्ट्झवर आहे. आतली लहर १०९ ची. फरक १०.७. आता १०१.३ ऐकायचंय? आतली लहर ११२ करा, फरक पुन्हा १०.७ च. म्हणजे पुढचे सगळे भाग कायम एकाच फ्रिक्वेन्सीवर काम करतात, बदलते ती फक्त आतली लहर. स्कॅनर भराभर उड्या मारतो तो याच जोरावर.

यातच एक गंमत आहे. आतली लहर १०९ ची असताना ११९.७ चा फरकही १०.७ च येतो! म्हणून साध्या रिसीव्हरमध्ये ११९.७ लावल्यावर कधीकधी ९८.३ वरची गाणी ऐकू येतात. या नकली सिग्नलला इमेज म्हणतात. चांगले स्कॅनर ही अदलाबदल दोन-तीन टप्प्यांत करून त्याला अडवतात. भलत्याच ठिकाणी गाणं वाजलं, तर आधी ही बेरीज-वजाबाकी करून बघा.

या पेटंटांनी आर्मस्ट्राँग श्रीमंत झाले. नंतरचा आणखी एक शोध त्यांनी आरसीए या बलाढ्य कंपनीला विकला आणि त्या बदल्यात भरपूर शेअर मिळवले. १९२३ मध्ये त्यांनी आरसीएचे बडे अधिकारी डेव्हिड सारनॉफ यांच्या सेक्रेटरी मॅरियन मॅकइनिस यांच्याशी लग्न केलं. लग्नाची भेट काय दिली? एक पोर्टेबल सुपरहेट्रोडाइन रेडिओ! बॅगेएवढा होता, पण सोबत नेता येत होता.

मोड आणि स्क्वेल्च

तेव्हाचा रेडिओ एएम होता. त्यात आवाजानुसार लहरीची ताकद कमी-जास्त होते. वीज कडाडली की तीसुद्धा ताकदच वाढवते, म्हणून खरखर येते. आर्मस्ट्राँग यांनी ताकद तशीच ठेवली आणि फ्रिक्वेन्सी हलवली. पट्टा जितका अरुंद तितकी खरखर कमी, असं तेव्हाचे तज्ज्ञ मानत. यांनी उलट पट्टा रुंद केला आणि आवाज स्वच्छ झाला. १९३३ मध्ये पेटंटं मिळाली आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या इंजिनिअरांसमोर प्रात्यक्षिक झालं.

आता स्कॅनरचं मोडचं बटण बघा. डब्ल्यूएफएम म्हणजे रुंद एफएम, गाण्यांच्या स्टेशनांसाठी. यात फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत हलते. एनएफएम म्हणजे अरुंद, वॉकीटॉकीच्या बोलण्यासाठी. तिथे ही हालचाल साधारण ५ किंवा २.५ किलोहर्ट्झ असते. गाण्याचं स्टेशन एनएफएममध्ये फाटकं वाजतं आणि वॉकीटॉकी डब्ल्यूएफएममध्ये अगदी हळू येते. विमानं मात्र आजही एएम वापरतात. एफएममध्ये जोरदार सिग्नल दुसऱ्याला पुरता दाबून टाकतो, एएममध्ये दोघं एकदम बोलले तर निदान ते कळतं.

आणि एफएमवर कोणीच बोलत नसेल तर? मोठा फसफस आवाज. तो बंद ठेवतो तो स्क्वेल्च. फसफस जिथे नुकतीच थांबते, तिथेच नॉब सोडा. स्क्वेल्च उघडा राहिला तर स्कॅनर पहिल्याच चॅनेलवर अडकून बसतो. जास्त आवळला तर क्षीण सिग्नल न ऐकताच पुढे जातो. स्कॅनर बिघडलाय असं वाटलं, तर आधी हा नॉब तपासा.

शोध जिंकला, माणूस हरला

१९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या शोधाचा निकाल डी फॉरेस्ट यांच्या बाजूने दिला. आर्मस्ट्राँग त्या शोधासाठी मिळालेलं पदक परत करायला गेले, पण रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने ते घ्यायला नकार दिला. संस्थेचं मत बदललं नव्हतं.

एफएमचीही तीच गत झाली. १९४० मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर देऊ केले. इतर कंपन्यांसारखी दर संचामागे रॉयल्टी द्या, असं म्हणत आर्मस्ट्राँग यांनी ते नाकारले. दुसऱ्या महायुद्धात मात्र त्यांनी आपली पेटंटं सैन्याला फुकट वापरू दिली. पाठीवर नेण्याचा एससीआर-३०० वॉकीटॉकी एफएमवरच चालत होता. १९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा ४२-५० वरून ८८-१०८ मेगाहर्ट्झवर हलवला आणि आधी विकलेले संच निकामी झाले.

१९४८ मध्ये त्यांनी आरसीएवर खटला भरला. तो लांबत गेला, पेटंटांची मुदत संपली, पैसाही संपत आला. संसारातही तडा गेला. १९५४ च्या हिवाळ्यात, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी आरसीएने मॅरियन यांच्याशी तडजोड केली, रक्कम साधारण तीच, दहा लाख डॉलर. मॅरियन बाकीच्या कंपन्यांशी लढत राहिल्या आणि १९६७ मध्ये शेवटचा खटलाही जिंकल्या.

सुरुवात कुठून करायची?

भारतात असा रिसीव्हर घेण्याआधी परवान्याचे सध्याचे नियम बघून घ्या. पोलीस किंवा सुरक्षा दलांचं बोलणं ऐकायच्या भानगडीत पडू नका. शिकायचा क्रम सोपा आहे. आधी डब्ल्यूएफएमवर ओळखीचं स्टेशन लावा. मग मुद्दाम एनएफएम करून फरक ऐका. मग रिकाम्या चॅनेलवर स्क्वेल्च लावायचा सराव करा. हॅम मंडळींसोबत असाल तर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ स्कॅन करा. याच पट्ट्यात १४५.८ वर, एनएफएममध्ये, अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना कधीकधी अंतराळवीरांचा आवाज येतो.

आणि एकदा तरी स्क्वेल्च पूर्ण उघडून ती खरखर नीट ऐका. आर्मस्ट्राँग यांची कितीतरी वर्षं त्या आवाजाशी झगडण्यात गेली. त्याच्याशी ते जिंकले. हरले ते कोर्टकचेऱ्यांत.