रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई

फुलामुलांचे कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें नांव विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्यांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांतील करजगांवीं झाला. १८८० सालीं लक्ष्मीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. पुढें नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन प्रवाशानें त्यांस नवा करार दिला. त्याच्या वाचनानें त्यांचें मन पालटलें व १८९५ सालीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यामुळें पतिपत्नींची सुमारें पांच वर्षें ताटातूट झाली. तो काळ लक्ष्मीबाईंस फार कष्टाचा गेला. पुढें स्वतःच्या विचारानें त्यांनींहि तोच मार्ग धरिला.

अहमदनगरास संसार पुन्हा उभा राहिला. पैसा टिकत नसे, पण घर माणसांनीं भरलेलें असे. निराश्रित मुलें तेथें वाढलीं. बालकवि ठोंबरे तेथें राहिले. उणिवेंतहि हंसण्याजोगें कांहींतरी लक्ष्मीबाईंस सांपडेच.

उतारवयांत मनुष्य निश्चित मिळकतीस जपतो. टिळकांनीं १९१७ सालीं, पंचावन्नी उलटल्यावर, मिशनचा पगार सोडून साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस निवर्तले. त्यांचें अपुरें ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनीं नेटानें पुढें नेलें. ज्यांना लग्नानंतर पतीनें वाचावयास शिकविलें, त्यांनींच स्मृतिचित्रें लिहिलीं. पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला.

बालमित्रांनो, हें पुस्तक घरीं आईबापांजवळ बसून वाचा. भरल्या घरांतील साधी भाकरी व हंसणें हीहि ईश्वराची देणगीच आहे, हें मेळघाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आपणांसहि त्यांतून उमजेल.