फ्रान्सेस कॉब : गोठा आणि घर, दोन्हींची कैवारी
फ्रान्सेस पॉवर कॉब १८२२ साली डब्लिनमध्ये जन्मल्या. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुरांच्या छळाविरुद्ध कायदा केला. नवऱ्याचा मार खाणारी गरीब बाई मात्र वाऱ्यावरच राहिली! कॉबबाई दोन्ही जुलमांविरुद्ध उभ्या ठाकल्या. १८७५ मध्ये त्यांनी जिवंत प्राण्यांवरील चिरफाडीच्या प्रयोगांविरुद्ध संघटना स्थापन केली. १८७८ मध्ये पत्नीछळावर जळजळीत लेख लिहिला. बायको ही नवऱ्याची मालमत्ता, ही समजूतच छळाचे मूळ असल्याचे त्यांनी ठणकावले. त्याच वर्षी कायदा झाला. गंभीर मारहाणीत दोषी ठरलेल्या नवऱ्यापासून विभक्त राहण्याचा हुकूम आणि पोटगी पत्नीला मिळू लागली. १९०४ मध्ये त्या निवर्तल्या. जनावरावर उगारलेला हात अनेकदा बायकोवरही उठतो. म्हणून शेजारी मुके जनावर विव्हळले, तर त्या घरातल्या बाईचीही विचारपूस करा!