फुप्फुसांचा आवाज ऐकणारे डॉक्टर : रेने लाएनेक

खोकल्यासाठी दवाखान्यात गेलात की डॉक्टर छातीला आणि पाठीला स्टेथोस्कोप लावतात आणि तोंडाने लांब श्वास घ्यायला सांगतात. डॉक्टर नक्की काय ऐकतात, आणि छातीत न डोकावता आतला आजार कसा कळतो, हा प्रश्न अनेक रुग्णांना पडतो. त्याचे उत्तर रेने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांच्या आयुष्यात सापडते. स्टेथोस्कोप त्यांनीच शोधला.

बालपण आणि शिक्षण

लाएनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, कँपेर गावी झाला. ते पाच वर्षांचे असताना आई वारली, बहुधा क्षयाने. पुढे नांत शहरात डॉक्टर असलेल्या काकांनी त्यांना वाढवले. ते फ्रेंच राज्यक्रांतीचे दिवस होते. काकांच्या हाताखाली रुग्णालयात वावरताना त्यांनी वैद्यकाचे पहिले धडे घेतले. त्यांना बासरी वाजवण्याची आवड होती.

१८०१ मध्ये ते पॅरिसला आले. तिथे नेपोलियनचे डॉक्टर कॉर्व्हिसार हे त्यांचे शिक्षक होते. छातीवर बोटांनी ठोकून आतला भाग पोकळ आहे की भरीव, हे ओळखायची पद्धत कॉर्व्हिसार शिकवत. आजही डॉक्टर पाठीवर बोट ठेवून ठकठक करतात, ती हीच तपासणी. हवा भरलेल्या फुप्फुसावर आवाज घुमतो. पाणी साठले असेल तर तो बद्द येतो.

त्या काळी पॅरिसमध्ये शवविच्छेदनाला मोठे महत्त्व होते. लाएनेक यांनी शेकडो फुप्फुसे उघडून पाहिली. एकदा क्षयग्रस्त मणका करवतीने कापताना त्यांच्या बोटाला इजा झाली आणि तिथे गाठ आली. क्षय जंतूंमुळे होतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

कागदाच्या सुरळीपासून स्टेथोस्कोप

१८१६ मध्ये ते पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रुजू झाले. तिथे हृदयविकाराची लक्षणे असलेली एक तरुणी तपासायला आली. ती स्थूल असल्याने ठोकून काही कळेना. छातीला थेट कान लावणे तिचे वय पाहता प्रशस्त नव्हते. लाकडी तुळईच्या एका टोकाला कान लावला की दुसऱ्या टोकाला टाचणीने ओरखडल्याचा आवाज स्पष्ट येतो, हे लाएनेक यांना आठवले. त्यांनी कागद घट्ट गुंडाळून सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके थेट कान लावून ऐकू येतात त्याहूनही स्वच्छ ऐकू आले.

मग त्यांनी साधारण फूटभर लांबीची लाकडी नळी तयार केली. अशा नळ्या ते घरी स्वतः कातत. ग्रीक भाषेतील छाती आणि पाहणे या अर्थांच्या शब्दांवरून तिला स्टेथोस्कोप हे नाव मिळाले.

आवाज आणि फुप्फुसाची रचना

लाएनेक यांचे खरे मोठेपण नळीपेक्षा पुढच्या तीन वर्षांच्या कामात आहे. रुग्णाच्या छातीत ऐकलेला प्रत्येक आवाज ते नोंदवून ठेवत. रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात त्याच जागी काय दिसते, ते ताडून पाहत. १८१९ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

हे समजण्यासाठी फुप्फुसाची रचना थोडी पाहू. श्वासनलिका छातीत उतरल्यावर दोन भागांत विभागते आणि झाडाच्या फांद्यांप्रमाणे बारीक बारीक होत जाते. शेवटी वायुकोश, म्हणजे हवेचे सूक्ष्म फुगे असतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून असे सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. ऑक्सिजन तिथेच रक्तात जातो. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात. डावीकडे हृदयाला जागा द्यावी लागते, म्हणून तिथे दोनच. खालचे भाग मुख्यतः पाठीकडे असतात, त्यामुळे पाठ तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. फुप्फुसांवर दोन पातळ पदरांचे आवरण असते.

निरोगी फुप्फुसात श्वासाचा मंद, मऊ आवाज येतो. न्यूमोनियात वायुकोशांत द्राव साचतो आणि बारीक तडतड ऐकू येते. लाएनेक यांनी तिची तुलना भांड्यात तापवलेल्या मिठाच्या तडतडण्याशी केली होती. दम्यात नलिका अरुंद होतात, म्हणून शिट्टीसारखा आवाज येतो. आवरणाच्या पदरांत पाणी झाले की तिथला श्वासाचा आवाज मंदावतो, आणि पाण्याच्या वरच्या कडेला रुग्णाचे बोलणे बकरीच्या आवाजासारखे थरथरते. हा आवाजही त्यांनीच वर्णिला. आता तुमच्या लक्षात येईल की लांब श्वास घ्यायला का सांगतात: हवा खोलवर गेली तरच हे बारीक आवाज उमटतात.

स्वतःच्या छातीतला आजार

लाएनेक यांची प्रकृती मुळातच नाजूक होती. त्यांचा भाऊ क्षयाने गेला, जवळचे मित्र डॉक्टर बेल हेही क्षयाने गेले. ग्रंथ पूर्ण झाल्यावर थकून ते ब्रिटनीतल्या घरी विश्रांतीला गेले. पुन्हा पॅरिसला येऊन प्राध्यापक झाले. १८२४ मध्ये त्यांनी विवाह केला.

१८२६ मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती संपवताना त्यांना ताप आणि खोकल्याने गाठले. त्यांचा पुतण्या मेरियादेक हाही डॉक्टर होता. त्याने काकांच्या छातीला तीच नळी लावली. ऐकू आलेल्या आवाजांचा अर्थ लाएनेक यांनीच जगाला शिकवला होता. ओळखलेल्या रोगावर तेव्हा औषध मात्र नव्हते. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, ब्रिटनीतच त्यांचे निधन झाले. आपला स्टेथोस्कोप त्यांनी पुतण्याला दिला.

आज आपल्यासाठी

क्षयाचा जंतू १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी शोधला. परिणामकारक औषधे विसाव्या शतकात आली. लाएनेक यांच्या हाती जे नव्हते ते आज आपल्याकडे आहे. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो आणि सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी येणारा ताप, वजन घटणे किंवा बेडक्यातून रक्त पडणे, यांपैकी काहीही असेल तर अंगावर काढू नका. केवळ स्टेथोस्कोपने क्षयाचे पक्के निदान होत नाही, म्हणून डॉक्टर बेडका तपासायला आणि एक्स-रे काढायला सांगतील, तो जरूर करा. उपचार सुरू झाल्यावर बरे वाटू लागले तरी गोळ्या मध्येच सोडू नका. अर्धवट उपचाराने रोग उलटतो आणि औषधांना दाद देईनासा होतो. आजार वेळेत ओळखला आणि औषधे पूर्ण घेतली, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.