अडथळ्यांची शर्यत जिंकणारी आई

फॅनी ब्लँकर्स-कून यांचा जन्म २६ एप्रिल १९१८ रोजी हॉलंड देशात झाला. त्यांना पाच भाऊ होते. १९३६ साली त्या बर्लिनच्या ऑलिंपिकला गेल्या, पण पदक मिळालं नाही. पुढे महायुद्ध झाले. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत. फॅनीबाईंचे लग्न झाले, दोन मुलं झाली. त्यांचे यजमानच त्यांना पळायला शिकवायचे. लोक मात्र नावं ठेवायचे, की तीस वर्षांच्या बाईने घर सांभाळावे, पळते कशाला!

१९४८ साली लंडनला त्या आधी १०० मीटर जिंकल्या. मग ८० मीटर अडथळ्यांची शर्यत आली. अडथळे आठ, आणि प्रत्येक अडीच फूट उंच, म्हणजे आमच्या गुरुजींच्या टेबलाएवढा. फॅनीबाई सुरुवातीलाच मागे पडल्या. मग अशा जोरात पळाल्या की इंग्लंडची मॉरीन गार्डनर आणि त्या बरोबरच पोचल्या. दोघींची वेळ ११.२ सेकंद! कोण जिंकलं ते कळेना. एवढ्यात इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजले. फॅनीबाईंना वाटलं, आपण हरलो. पण ते राजेसाहेब आले म्हणून वाजत होतं. फोटो बघून निकाल लागला. फॅनीबाई पहिल्या!

२०० मीटरच्या आधी त्यांना मुलांची आठवण आली. त्या रडल्या, घरी जायचं म्हणाल्या. यजमानांनी समजूत काढली. मग तीही शर्यत जिंकल्या आणि रिलेसुद्धा. चार सुवर्णपदके झाली.

गावी घोड्यांच्या गाडीतून मिरवणूक निघाली. शेजाऱ्यांनी सायकल भेट दिली, आता इतकं पळावं लागू नये म्हणून. हे आईला वाचून दाखवलं तर ती खूप हसली.

फॅनीबाई २५ जानेवारी २००४ रोजी वारल्या.